चन्नप्पांचा उजवा मोर

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नप्पा हत्तुरेंनी कॉम्प्युटरच्या कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे ओल्या फडक्याने पुसले, कीबोर्डमध्ये अडकलेली झेंडूची पाकळी वेचली आणि बटण दाबलं. एरवी पडद्यावर चादरींच्या नक्ष्या यायच्या. आज तिथे लाल चौकोन आला. सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपली होती. खाली एक ओळ होती : नोंदवलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी भरा.

चन्नप्पा अठ्ठावन्न वर्षांचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत अण्णारावांच्या चादर कारखान्यात ते नक्षी काढतात. म्हणजे कुठला धागा वर यायचा आणि कुठला खाली राहायचा, हे ठरवतात. आवाज मऊ, चालणं सावकाश. मोबाईल आणि कॉम्प्युटर यांचा विषय निघाला की मात्र हा माणूस बदलतो. बॅटरी काढता येत नाही असा मोबाईल ज्याने काढला, त्याला एकदा समोर बसवून विचारायचं आहे, असं ते डबा खाताना नेहमी म्हणतात. आणि या सॉफ्टवेअरबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं : "घरजावई परवडला. त्याचा एकदा मानपान झाला की तो गप्प बसतो. हे दर तीस दिवसांनी तोंड फुगवतं."

दर तीस दिवसांनी ते इंटरनेटवरून कंपनीला तोंड दाखवायला लागतं. शेडच्या पत्र्याखाली नेटवर्क येत नाही. ते येतं बाहेर पाण्याच्या टाकीपाशी. म्हणून चन्नप्पा महिन्यातून एकदा मोबाईल बांबूला बांधून खिडकीबाहेर काढायचे आणि कॉम्प्युटरला नेट द्यायचे. नऊ वर्षांत एक महिना चुकला नव्हता. या वेळी तिसावा दिवस नेमका दसऱ्याला आला. खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरातली रीत. कॉम्प्युटर हे त्यांचं हत्यार.

"नुसतं बटण दाबलं असतं तर देव रागावला असता होय?" अण्णाराव म्हणाले.

"देव कशाला रागावतोय? कंपनी रागावली. देवाला एक दिवस उशिरा हात जोडले म्हणून तो देवळाला कुलूप लावत नाही."

कुलपाच्या आत सगळ्या नक्ष्या होत्या. त्यातली एक येत्या बुधवारी लागणार होती. राजमल्लू उस्तादांचा जोडमोर, समोरासमोरचे दोन मोर.

उस्तादांनी चन्नप्पांच्या हातात पहिली पेन्सिल दिली होती. ते जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या पत्नी रत्नम्मा आता भद्रावती पेठेतलं घर सोडून गुरुवारी लेकीकडे भिवंडीला कायमच्या निघाल्या होत्या. त्यांनी एवढंच मागितलं होतं : "त्यांच्या मोरांची एक चादर दे चन्ना. माझी फाटली." बुधवारी एक माग दिवसभर रिकामा मिळणार होता. नंतर टॉवेलची मोठी ऑर्डर चढणार होती.

जोडमोराचा मूळ ग्राफपेपर आता नव्हता. सॉफ्टवेअर बसवायला आलेला माणूस नऊ वर्षांपूर्वी म्हणाला होता, "काका, आता कागद कशाला? सगळं आत आलं." त्या बोलण्यावर विश्वास ठेवून चन्नप्पांनी स्वतःच्या हाताने कागदांचे गठ्ठे रद्दीत घातले होते.

त्यांनी टाकीपाशी उभं राहून कंपनीला फोन लावला. आधी पंचवीस मिनिटं सतार वाजली. मग एक मुलगी म्हणाली, "सर, ओटीपी रजिस्टर्ड नंबरवर गेला आहे."

"तो नंबर बंद झालाय. नवा लिहून घ्या."

"नवा नंबर घेण्यासाठी जुन्या नंबरवर ओटीपी येईल, सर."

"तोच नाही म्हणतोय ना मी."

"मी समजू शकते, सर. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

"आणखी?" चन्नप्पा म्हणाले. "आधी कुठली केली?"

तो जुना नंबर वापरत नाही म्हणून मोबाईल कंपनीने परस्पर बंद केला होता. चन्नप्पांनी सहज लावून पाहिला. रिंग गेली. नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळाला होता. पलीकडे जेऊरच्या सोजरबाई होत्या.

"मी सोलापुरातून चन्नप्पा हत्तुरे बोलतो. हा नंबर पूर्वी माझा होता."

"मग आता न्हाय की. आता माजा हाय."

"बाई, तुमच्या मोबाईलवर सहा आकड्यांचा मेसेज आला असेल."

"सकाळधरनं चार आलं. आन मी देनार न्हाय."

"अहो, तो माझ्या कामाचा आहे."

"समदे चोर असंच म्हंत्यात. ह्यो फोनच रोज सांगतोय, कुनाला आकडा दिऊ नका म्हनून. तुमी लई गोड बोलताय, त्येच्यावरनंच वळकलं."

"मी गोड बोलत नाही. मी रागावलोय."

"मग रागवा की तिकडं," म्हणून सोजरबाईंनी फोन ठेवला.

शनिवारी चन्नप्पांनी कंपनीला सात फोन केले. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला गोष्ट पहिल्यापासून. सातव्याला त्यांनी विचारलं, "मी काढलेली नक्षी मला बघायची तर तुम्हाला का विचारायचं?" त्याने सांगितलं, तक्रार नोंदवून घेतली आहे. नोंदवल्याचा मेसेज जेऊरला गेला.

रविवारी ते भिंग, पेन्सिल आणि ग्राफपेपर घेऊन रत्नम्मांकडे गेले. ग्राफपेपर सोलापुरात पूर्वी कुठेही मिळायचा. आता चौथ्या दुकानात मिळाला. रत्नम्मांनी आपली विरलेली चादर खाटेवर पसरली. चन्नप्पा गुडघ्यावर बसले आणि डाव्या मोराचा एकेक धागा मोजून कागदावर चौकोन भरू लागले. दुपारपर्यंत डावा मोर उतरला. त्यांनी भिंग मिटलं.

"उजवा नाही मोजत?" रत्नम्मांनी विचारलं.

"तो असाच असतो, अम्मा. आरशातल्यासारखा उलटा."

"कोण म्हणालं? नीट बघ की."

चन्नप्पांनी पाहिलं. डाव्या मोराची मान वर होती, चोच उघडी. उजव्याची मान जराशी खाली होती आणि चोच मिटलेली.

"ते म्हणायचे, एकानं बोलायचं, एकानं ऐकायचं," रत्नम्मा म्हणाल्या. "मी म्हणायची, ऐकणारी मीच का? तर म्हणायचे, पुढच्या चादरीत बदलतो. कधी बदललं नाही."

चन्नप्पांनी मिटलेलं भिंग पुन्हा उघडलं. नऊ वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर बसवणारा तो माणूस म्हणाला होता, अर्धी नक्षी भरा, एक बटण दाबा, उरलेली अर्धी आपोआप. त्यांनी बटण दाबलं होतं. पडद्यावर दुसरा मोर क्षणात उमटलेला पाहून त्यांना आनंद झाला होता, आणि त्यांनी त्या माणसाला चहा पाजला होता. ही नक्षी पुढे कधी मागावर चढली नाही, म्हणून चूक कळली नाही. कुलूप कंपनीने लावलं होतं. पण उस्तादांचा ऐकणारा मोर चन्नप्पांनी स्वतः, एका बोटाने पुसला होता. दोन दिवस ज्याच्यावर आवाज चढवावा असं कुणी ना कुणी फोनवर मिळत होतं. आता कुणाला फोन लावणार?

"चादर सरळ धरा, अम्मा," ते म्हणाले आणि उजवा मोर मोजायला लागले. दिवे लागेपर्यंत मोजत होते.

सोमवारी दुपारी सोजरबाईंचाच फोन आला.

"ओ सोलापूरकर, तुमी खरंच चोर न्हाय व्हय?"

"नाही हो."

"चोर यवड्या डाव मागं लागत न्हाईत म्हनती माजी नात. चार दिस ह्यो फोन नुसता वाजतोय. झोप न्हाय. या बाबा, काय पायजे ती आकडं घ्या. पर हाय काय त्यात यवडं?"

"एक मोर आहे, बाई."

"मोर? आमच्या शिवारात पन्नास हायती. लई नासाडी करत्यात. घिऊन जावा त्येबी."

ओटीपी दहा मिनिटं टिकतो. नेटवर्क टाकीपाशी, कॉम्प्युटर शेडच्या टोकाला. बांबू आधीच खिडकीत बांधून ठेवला होता, त्यावर अण्णारावांचा मोबाईल. चन्नप्पांनी कंपनीकडून नवा ओटीपी मागवला, सोजरबाईंच्या नातीने तो वाचून दाखवला आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो सावकाश चालणारा माणूस सहा आकडे मोठ्याने म्हणत मागांच्या खडखडाटातून पळाला. कामगार माग सोडून बघत राहिले.

कुलूप उघडलं. जोडमोर पडद्यावर आले, दोन्ही बोलणारे. चन्नप्पांनी उजवी अर्धी बाजू पुसून टाकली आणि कागदावरून एकेक चौकोन भरत मंगळवार संपवला. बुधवारी चादर मागावरून उतरली.

रत्नम्मांनी ती घडी मोडून पसरली. डाव्या मोराकडे त्यांनी पाहिलंही नाही. उजव्याच्या मानेवरून बोट फिरवलं. "हां. ऐकतोय," म्हणाल्या आणि चादर ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

गुरुवारपासून चन्नप्पांनी नवं काम काढलंय. रोज डबा खाऊन झाला की पडद्यावरची एक नक्षी ते पेन्सिलीने ग्राफपेपरवर उतरवतात. चारशे बारा नक्ष्या आहेत. जिची जुनी चादर कुठे सापडते, ती चादर समोर ठेवून, दोन्ही बाजू मोजून.

"प्रिंटर आहे की," अण्णाराव म्हणतात.

"तो काळं छापायलासुद्धा पिवळी शाई मागतो," चन्नप्पा म्हणतात आणि पेन्सिलीला टोक काढायला लागतात.