ठोकळे नसलेल्या पेट्या

साहेबांचे पैसे बुडावेत अशी माझी फार इच्छा होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना लोक मला गरीब बिचारी समजायला लागतात. मी बिचारी नव्हते. मी दबा धरून बसले होते.

साहेब म्हणजे माझे जुने वरिष्ठ. त्यांना अहो-जाहो करायची जिभेला सवय लागली ती लागलीच, मनात मी कधी करत नाही. कटंगीच्या पुढे जंगलात एका खासगी ठेकेदाराचं मँगनीज शोधायचं ड्रिलिंग चाललं होतं. साहेब तिथे भूवैज्ञानिक आणि मी कोर-शेडमध्ये मदतनीस. जमिनीत खोल भोक पाडताना यंत्र आतला दगड लांब कांडीसारखा कापून वर आणतं, त्याला कोर म्हणतात. ती कांडी धुवायची, तुकडे लांबट पेटीच्या खणांत ओळीनं लावायचे आणि यंत्राची एकेक फेरी संपली की तिथे लाकडी ठोकळा ठेवायचा. ठोकळ्यावर खोलीचा आकडा. मध्येच दगड भुसभुशीत निघून कांडी हाती आलीच नाही, तर तेवढी जागा रिकामी सोडून तिथेही ठोकळा. म्हणजे पुढे दहा वर्षांनी कुणी पेटी उघडली तरी त्याला कळावं, इथे काय मिळालं आणि काय नाही. ठोकळे मीच कापायची. शेडमध्ये मी एकटी बाई होते आणि आमच्या वस्तीतून असल्या कामाला गेलेली पहिली. माझ्या आईनं त्या नोकरीचं बुद्धविहारात किती जणींना सांगितलं असेल, त्याला गणती नाही.

एका भोकात निम्मा कोर आलाच नाही. पैसे लावणारी मंडळी दुसऱ्या दिवशी पाहायला येणार होती. साहेब शेडमध्ये आले आणि म्हणाले, ठोकळे काढ, तुकडे सरकव, पेट्या भरलेल्या दिसू दे. मी एकदा नाही म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही, घरात माझ्याच पगारावर चूल पेटत होती. पाहुण्यांत नागपूरचा एक म्हातारा होता. त्यानं पहिलीच पेटी उघडली आणि ठोकळे कुठे म्हणून विचारलं. साहेबांनी क्षणभरही वेळ न दवडता माझ्याकडे बोट केलं.

"इले काय समजते? दया आली म्हणून ठेवली होती."

सगळे हसले नाहीत, दोघं-तिघं हसले. संध्याकाळच्या बसनं मी घरी आले ती कायमची. त्यानंतर मला कुणी कोर-शेडच्या दाराशी उभं केलं नाही. या धंद्यात माणसं कमी आणि तोंडं फार. मी पेट्यांत घोळ करून पैसे खाल्ले असं वस्तीत पसरलं होतं, बायका मला पाहून बोलणं थांबवायच्या. तेव्हा शेजारच्या मॅडम, शाळेत शिकवायच्या त्या, एकट्या माझ्या घरी येऊन बसल्या. चोर असतीस तर तुझ्या घरावर पत्रा नसता, स्लॅब असता, म्हणाल्या. त्यांनीच वारासिवनीला एका राइस मिलमध्ये शब्द टाकला. तिथे मी धानाचे नमुने पाहते. दाणा फोडायचा, कणी किती, ओल किती, सांगायचं. बरी नोकरी आहे. पण बसमध्ये रोज खिडकीला डोकं टेकलं की मला ते बोट दिसायचं. एवढ्या वर्षांत एक दिवस चुकला नाही.

पुढे साहेब निवृत्त होऊन आमच्याच गावात, बालाघाटला आले आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून घर बांधलं. रविवारी सकाळी त्यांच्या ओसरीवर निवृत्त मंडळी जमत. पोहे, वर चण्याचा झणझणीत रस्सा आणि शेअरच्या गप्पा. गेल्या वर्षी तिथे तेल निघालं, म्हणजे बोलण्यातून निघालं. दूरच्या राज्यात एक कंपनी जमिनीखालचं तेल शोधत होती, पहिल्या भोकात तेलाचा अंश सापडला होता आणि दुसऱ्या भोकासाठी छोटे भागीदार हवे होते. मॅडमही त्या वेळेपर्यंत निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले. त्यांचा पैसा बँकेत पडून होता आणि सासरहून कायमची परत आलेली मुलगी घरात होती. त्या पैशाचं थोडं जास्त झालं तर वर एक खोली काढायची, मुलीला स्वतःचं दार असावं, एवढाच त्यांचा हिशोब. मला म्हणाल्या, "मले त्यातलं काही कळत नाही. तू ड्रिलिंग केलं आहेस, तू चाल संग."

मी गेले. साहेबांनी मला ओळखलं आणि तोंड भरून हसले. ही माझ्याच हाताखाली शिकली, असं सगळ्यांना सांगितलं. मी पोह्यांची प्लेट घेतली.

वाद चांगला रंगला होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ विरोधात होते. त्यांचं म्हणणं, तेलाची दहा भोकं पाडली तर कशीबशी एखाददोन लागतात, बाकी कोरडी, आणि कोरड्या भोकातून मुद्दलही वर येत नाही. आमचे मिलवाले शेठ म्हणाले की जोखीम धानातही असते, पाऊस चुकला की संपलं, म्हणून काय मिल बंद करायची? कुणी म्हणालं, तेल लागलं तरी ते बाहेर काढायचा खर्च कोण देणार. कुणी विचारलं, सरकारनं मध्येच परवाना रद्द केला तर? कुणाला वाटत होतं की एकाच भोकात सगळं घालण्यापेक्षा चार कंपन्यांत थोडं थोडं घालावं. मला मनात हसू येत होतं. भोक कोरडं निघो की तेल लागो, यंत्र फिरवणाऱ्याला रोजचे पैसे मिळतातच, हे एकालाही सुचलं नव्हतं. साहेब सगळ्यांना शांतपणे उत्तर देत होते आणि शेवटी म्हणाले की ते स्वतः सोमवारी पैसे भरणार आहेत. मग त्यांनी कंपनीची रंगीत पुस्तिका फिरवली.

त्यात कोरच्या पेट्यांचे फोटो होते. पेट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च भरलेल्या. एकही ठोकळा नाही. तेलाच्या कामात निराळी रीत असेल, असं मी स्वतःला बजावलं आणि फोटो जवळ धरला. खोलीचा आकडाही कुठे नव्हता. कांडी तुटली की तुटलेली दोन टोकं एकमेकांत बसतात, इथे एकही टोक शेजारच्या टोकाला जुळत नव्हतं. कुठूनतरी आणलेले तुकडे पेटीत ओतले होते. मी साहेबांकडे पाहिलं. ते रस्सा वाढून घेत होते.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. निवृत्तीचा सगळा पैसा घेऊन हा माणूस खड्ड्यात उतरायला निघाला होता आणि त्या ओसरीवर खड्डा एकट्या मला दिसत होता. साहेब म्हणाले, बाई, तुम्ही सांगा, कोर कसा वाटतो? सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मॅडमही.

"मले काय समजते, साहेब," मी म्हटलं आणि पुस्तिका पुढे दिली.

त्यांना काही आठवलं असेल असं चेहऱ्यावरून वाटलं नाही. परत येताना मॅडमनी विचारलं, खरंच तुले काही वाटलं नाही? मी म्हटलं, "उद्या-परवा सांगतो, घाई नका करू." माझा बेत सरळ होता. सोमवारी साहेबांचे पैसे जातील, मंगळवारी मी मॅडमला सगळं सांगेन. आधी सांगितलं असतं तर त्या शिक्षिका, त्यांनी सगळ्यांना सावध केलं असतं आणि साहेबही वाचले असते. तेवढं एक मला नको होतं.

सोमवारी मी मिलवर होते. सकाळीच साहेबांनी गाडी काढली आणि चार-पाच जणांना बँकेत घेऊन गेले, त्यात मॅडम. संध्याकाळी त्या पेढा घेऊन माझ्या दारात आल्या. मुदत त्याच दिवशी संपत होती म्हणे. मी पेढा तोंडात टाकला. तेव्हाही बोलता आलं असतं, चेक वटायला दोन दिवस लागतात. पण आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं, हे विचारलं जाणार होतं. मी पेढा गिळला आणि चांगला आहे म्हणाले.

कंपनीचे फोन लागेनासे झाले तेव्हा मला आधी आनंदच झाला. मॅडमचा चेहरा नंतर आठवला. मी मुद्दाम साहेबांच्या गल्लीतून गेले, त्यांचं तोंड पाहायला. घराला नवा रंग लागत होता आणि साहेब खुर्ची टाकून रंगाऱ्याला सूचना देत होते. मला काही कळेना. दोन दिवसांनी शेठनी मिलमध्ये दात-ओठ खात सांगितलं की साहेबांनी त्या कंपनीत एक रुपया लावला नव्हता. आणलेल्या प्रत्येक माणसामागे त्यांना कमिशन होतं, म्हणून गाडी काढून स्वतः बँकेत नेलं.

मी धानाचं ताट खाली ठेवलं. ज्यानं मला ठोकळे काढायला लावले त्या माणसाला ठोकळे नसलेली पेटी ओळखता येत नाही, यावर मी विश्वास ठेवला होता. ठेवायचाच होता, म्हणून ठेवला. त्यानं पुस्तिका माझ्या हातात दिली कारण मी बघेन आणि गप्प बसेन, हे त्याला माझ्याआधी माहीत होतं. एकदा गप्प बसवलेली बाई त्याच्या चांगली ओळखीची होती.

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला मॅडम आणि मी बरोबर गेलो. इतर कुणी आलं नाही, चारचौघांत मूर्ख ठरायची लाज. कंपनी सापडेल न सापडेल, मला साहेब हवे होते. फोटो खोटे होते हे साहेबांना माहीत असणारच, हे ठासून सांगणारं जगात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी पुस्तिका उघडून मुन्शीला, म्हणजे ठाण्यातल्या लिहिणाऱ्या हवालदाराला, सगळं दाखवलं. आकडे, टोकं, ठोकळे. मॅडम माझ्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. मुन्शी हिंदीतून लिहून घेत होता. लिहिता लिहिता त्यानं मान वर केली.

"और आपको ये कब पता चला?"

खोटं बोलले असते तर जबाब लंगडा झाला असता. फोटो बघताक्षणी ओळखता येतात, हाच तर माझा सगळा दावा होता.

"उसी दिन," मी म्हटलं. "देखते ही."

"तो बोलीं क्यों नहीं?"

"वो आदमी डूबना चाहिए था, इसलिए."

मॅडमनी हात काढून घेतला. पदर सारखा केला आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसल्या. मुन्शीनं तेही लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि कागद सहीसाठी फिरवला. मी सही केली. खाली मॅडमची व्हायची होती. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं नाही, मी ते टेबलावर ठेवेपर्यंत थांबल्या, मग उचलून सही केली.

बाहेर एकच ऑटो उभा होता. मागची सीट पूर्ण रिकामी होती. मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसल्या आणि घर येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.