पुढचं पान न वाचता

बोईसर-पालघर पट्ट्यात कुठेही सत्कार असो, निरोप समारंभ असो की रक्तदान शिबिर, सूत्रसंचालनाला मला बोलावतात. आवाज चांगला आहे म्हणून बोलावतात, असं मी लोकांना सांगते. खरं कारण असं की मी मानधन मागत नाही आणि शाल-नारळावर खूश होते. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे मी बोलेन ते बरोबरच असणार, असं लोकांनी धरलेलं. मीही तसंच धरलेलं.

माझी एक जाड वही आहे. वर्तमानपत्रांत, दिवाळी अंकांत एखादं चांगलं वाक्य दिसलं की मी ते त्यात उतरवून घेते, खाली लेखकाचं नाव टाकते, बस्स. लेख कशाबद्दल होता, ते वाक्य कोण कुणाला म्हणालं, हे लिहायचं मला कधी सुचलंच नाही. वहीत विभाग आहेत: आई, निसर्ग, जिद्द, निवृत्ती. रक्तदानावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून तिथे मी 'आई'मधलंच काहीतरी चालवते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये बोईसरजवळ सालवडला एका हॉलमध्ये दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव होता. मासेमारी बंदीचे दिवस. होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यामुळे एरवी अशा कार्यक्रमांना न दिसणारे, किनाऱ्यावरच्या दांडी या मच्छीमारांच्या गावचे बापेही मुलांसोबत आले होते. मागच्या चार रांगा त्यांनीच भरल्या होत्या. मला वाटलं, यांच्या ओळखीचं काहीतरी बोलावं. 'जिद्द' विभागात हवं ते सापडलं. माईक तोंडाजवळ घेऊन मी म्हणाले, "मुलांनो, तुमच्याच दांडीच्या एका जुन्या तांडेलांनी, होडी चालवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांनी, एका लेखात काय लिहून ठेवलंय, ऐका." त्यांचं नाव घेतलं. नीट पोचावं म्हणून दोनदा घेतलं. मग थांबले. (थांबणं ही माझी खासियत आहे.) आणि म्हणाले, "ज्याला दुसरं काही जमत नाही, तो होडीवर जातो!"

पुढे बसलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या चार रांगा गप्प राहिल्या. मला वाटलं, सगळे अंतर्मुख झालेत.

दोन दिवसांनी एका स्थानिक साप्ताहिकात बातमी आली. तिचा मथळाच ते वाक्य होता आणि खाली तांडेलांचं नाव. माझं नाव शेवटच्या ओळीत, 'यांनी सूत्रसंचालन केले'. मला थोडं वाईट वाटलं ते या शेवटच्या ओळीचं.

माझ्या नववीच्या वर्गात त्या तांडेलांची नात होती. हे मला ठाऊक होतं, पण वाक्य वाचताना ते आठवलं नाही. वाक्य छान होतं ना. त्या आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे बघेना. प्रश्न विचारला की उभी राहायची, उत्तर फळ्याला द्यायची. शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती स्वतःहून माझ्या टेबलाजवळ आली.

"मॅडम, आजोबांनी सांगितलंय, त्या बाईंना बोल, एकदा घरी येऊन जा."

"रागावलेत का गं?"

"नाय. गप हायेत." मग म्हणाली, "बाबा त्यांच्याशी बोलत नाय. बाबा होडीवर जातात ना. हॉलमदी मागं बसलेले."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ज्यांचं वाक्य मी वापरलं त्यांचा स्वतःचा मुलगा त्या मागच्या चार रांगांत बसला होता.

घरी आले ती वही काढली. वाक्य होतं, नाव होतं. लेख कुठला? हळूहळू आठवलं. पालघरला दातांच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते, समोर पडलेला दिवाळी अंक चाळत होते. उजव्या हाताच्या पानावर तळाला हे वाक्य होतं, पानातलं अगदी शेवटचं. मी पर्समधून वही काढून ते लिहून घेतलं आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत जाऊन दाढ काढून घेतली. अर्धं तोंड बधिर झालेलं, गालात कापूस, तशीच रिक्षात बसले. पान उलटलंच नव्हतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो तारापूर एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात आहे, प्रयोगशाळेत माल तपासतो. तो जेवता जेवता म्हणाला, "आमच्याकडे पिंपातून चमचाभर नमुना घ्यायचा तरी आधी अख्खं पिंप ढवळतात. वरवरचा घेतला तर नोकरी जाते."

"तुमच्याकडे पिंप बोलत नाही," मी म्हणाले.

"तुझ्याकडे आता बोलणार आहे. रविवारी जाऊन ये."

दवाखान्यात फोन करून पाहिला. ते अंक केव्हाच रद्दीत गेले होते. तेव्हा लेख न वाचताच मी माफी मागायला निघाले. सोबत काय न्यावं हे कळेना. पेढे घेतले. शेअर रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की पेढे आनंदाच्या बातमीला नेतात. मग ते पाठीमागे धरून दांडीत उतरले.

पाऊस उघडला होता. तांडेलांच्या घराच्या पडवीत जाळं पसरलेलं आणि त्यांचा मुलगा, चाळिशीचा असावा, मांडी घालून फाटलेला भाग विणत बसला होता. मी नमस्कार केला. त्याने मानेने आत खूण केली आणि पुन्हा सुई चालवायला लागला. आतून म्हातारे तांडेल आले. उंच, वाकलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. पेढे मी नातीच्या हातात कोंबले.

"काका, माझं चुकलं," मी सुरुवात केली. रिक्षात मी चांगली पाच-सहा वाक्यं जुळवली होती. दुसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

"बाय, तुमी तो लेख वाचलाय?"

काय सांगणार? "अर्धा," मी म्हणाले. खरं तर एक पान. खरं तर एक ओळ.

त्यांनी फळीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दिवाळी अंक काढला. "आख्ख्या आयुष्यात मी येवढा एक लेख लिवला. आता मोठ्यांदा वाचा. हॉलमदी बोललात तेवढ्या मोठ्यांदा."

मी उभी राहिले. सवयीने. शेजारच्या पडवीतल्या दोन बायका आमच्याकडे सरकल्या, समोरचा एक म्हातारा येऊन पायरीवर बसला. नातीने मोबाइल समोर धरला. मी गळा साफ करून, सूर लावून वाचायला लागले आणि चौथ्या ओळीला तांडेल म्हणाले, "नाटकी नको. सादं वाचा."

सादं वाचणं मला किती जड गेलं, ते मलाच ठाऊक. वाचता वाचता ते वाक्य आलं. पायरीवरचा म्हातारा खाकरला. जाळ्यातली सुई थांबली. मी पान उलटलं.

पुढच्या पानावर पहिलीच ओळ होती: 'असं मला चौथीत मास्तर बोलले.' हिशेब चुकला म्हणून मास्तरांनी त्यांना बाकावर उभं केलं होतं आणि सगळ्या वर्गासमोर हे ऐकवलं होतं. पोराने घरी येऊन बापाला सांगितलं. बाप काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पोराला होडीवर नेलं. धुकं होतं, किनारा दिसत नव्हता. बापाने दोराला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडला, वर ओढला, त्याला चिकटलेला तळाचा चिखल बोटांत चोळला, नाकाशी धरला आणि आपण कुठे आहोत ते सांगितलं. मग दोर पोराच्या हातात दिला. पोराने चिखल चोळला, वास घेतला. त्याला काहीच कळलं नाही. पुढे लिहिलं होतं: 'मला हिशेब येत नव्हता. त्या दिवशी समजलं, चिखलही येत नाही. शाळा सोपी होती.'

इथे मी थांबले. खासियत म्हणून नाही. एका शाळामास्तराने पोराला लाज वाटावी म्हणून वापरलेलं वाक्य मी, एक शाळामास्तरीण, त्याच पोराच्या नावावर टाकून त्याच्याच गावाला ऐकवून आले होते, वर टाळ्याही घेतल्या होत्या. उरलेली दोन पानं मी कशीबशी वाचली.

शेजारची बाई म्हणाली, "असं हाय होय! आमी पण काय काय बोललो यांना." पायरीवरचा म्हातारा हसला. मला वाटलं, मिटलं.

तेवढ्यात मुलगा बोलला. जाळ्यातून नजर न काढता तो म्हणाला, "बाबा, ते वाक्य मास्तर बोलले ते लिवलंत. मी दहावीला नापास झालो तवा तुमी मला तेच बोललात. ते नाय लिवलं."

अंक माझ्याच हातात होता आणि तो कुठे ठेवावा मला कळेना. मी उगाच पानं चाळून पाहिली, जणू मधलं एखादं पान मी पुन्हा गाळलं असावं.

तांडेलांनी चष्मा काढला, लुंगीला पुसला. "बोललो," ते म्हणाले. "कंपनीत जावं म्हणून बोललो. तू दोन वर्षं गेलास पण."

"गेलो. पाळीत उभा राहून पाय सुजायचे. परत आलो तवा तुमी काय बोलला नाय."

"काय बोलणार? तुला चिखल कळत होता," तांडेल म्हणाले. "माझ्यापेक्षा लवकर कळला. ते पण लिवायचं राहिलं."

मुलाने सुई जाळ्यात खोवली. नातीला म्हणाला, "बाईंना चा दे." मग चहासोबत पेढेही आले आणि सगळ्यांनी खाल्ले.

परत येताना मी ठरवलं की आता साप्ताहिकाला खुलासा द्यायचा. नेटका, सविस्तर. तीन पानं लिहिली: लेखाचा गोषवारा, माझी चूक, तांडेलांची माफी, वाक्य मूळ कुणाचं, कोणत्या प्रसंगी. पुढच्या अंकात तीन ओळी छापून आल्या: 'होडीवर जाणाऱ्यांचा अपमान करणारे ते वाक्य तांडेलांचे नसून शिक्षकाचे आहे, असे एका शिक्षिकेने कळविले आहे.'

सोमवारी शिक्षक-खोलीत शिरले तर सगळे माझ्याकडे बघत होते. गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, स्वतः शिक्षक असून शिक्षकांवर ढकललंत?"

"सर, पुढचं छापलं नाही त्यांनी. मी तीन पानं लिहिली होती."

"छापलंय तेवढंच लोक वाचणार ना!"

हे मला त्यांनी सांगावं! मुख्याध्यापिकांनी बोलावून विचारलं, की कोणत्या शाळेच्या शिक्षकाबद्दल हे आहे, आपल्या तर नाही? मी म्हटलं, साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, मग तसं लिहायचं होतं. मी म्हटलं, लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी गृहपाठ घरी विसरल्याची सबब सांगतेय.

दांडीत मात्र माझ्या खुलाशाची गरजच उरली नव्हती. नातीने माझं वाचन जसंच्या तसं, 'नाटकी नको' आणि बापलेकांच्या बोलण्यासकट, गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं होतं. पंधरा दिवसांनी बोईसरच्या बाजारात सुकट घेताना विकणारीने माझा आवाज ऐकून मान वर केली. "चिखलाची बाय तूच ना? आमी दोनदा ऐकलं." मग तिने मापावर मूठभर सुकट जास्त टाकली. इतक्या वर्षांच्या सूत्रसंचालनात मला मिळालेली ही पहिली पदवी.

आता तांडेल दुसरा लेख लिहितायत, पहिल्यात मुलाबद्दल जे राहून गेलं त्याचा. हात थरथरतो, म्हणून ते सांगतात आणि मी लिहून घेते, एकाआड एक रविवारी, त्याच पडवीत. प्रत्येक वाक्य झालं की म्हणतात, "परत वाचा." मी वाचते. मग मुलगा जाळ्यावरून म्हणतो, "तसं नाय बोललात तुमी. आधी शिवी दिलीत, मग ते बोललात."

"शिवी छापतात काय रे?"

"मग सगळंच खोडा."

मी एकदा सुचवून पाहिलं, की 'अपशब्द उच्चारून' असं लिहू या. दोघं बापलेक इतके हसले की शेजारच्या बायका विचारायला आल्या. शेवटी शिवी लिहिली. माझ्याच अक्षरात, शुद्ध. सात पानं झालीत आणि लेखातला मुलगा अजून दहावीतच आहे.