दहा नंबर बाकावर आहे

आमच्या घरात वारसा म्हणून देण्यासारखं शेत नव्हतं, दुकान नव्हतं. पप्पांकडून मला मिळाला तो माईक. हिवाळ्यात आमखासच्या मैदानावर फुटबॉलची स्पर्धा व्हायची, तिथं पप्पा पंचवीस वर्षं टेबलाशी बसून सामना सांगायचे आणि वहीत गोल लिहायचे. मग त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. कमिटीतल्या कुणीतरी म्हटलं, पोरीला बसवा की, जयंतीला स्टेजवर ती काय कमी ओरडते? खरंच होतं ते. पुंडलिकनगरात चौदा एप्रिलचं सूत्रसंचालन मी आठवीपासून करत आलेले. हजार माणसांपुढं जयभीम म्हणून उभी राहिलेली बाई बावीस खेळाडूंना काय भिणार?

पहिल्या दिवशी लोक हसले. "बाई फुटबॉल सांगणार म्हणे!" एकानं तर माझ्या कानावर जाईल असं विचारलं, ऑफसाइड कळतं का हिला. मी माईकवरूनच विचारलं, "भाऊ, तुम्हाला कळतं का? या इथं, सांगा सगळ्यांना." तो जो गर्दीत शिरला तो पुन्हा दिसला नाही. त्यानंतर चार वर्षं माझ्या नादी कुणी लागलं नाही.

ज्याची ही गोष्ट, तो इजिप्शियन मला मैदानावर नव्हे, फुलंब्रीच्या बसमध्ये भेटला. मी फुलंब्रीच्या एका शाळेत शिकवते, रोज जाऊन-येऊन करते. हा उंच माणूस मांडीवर कापसाच्या बोंडांची पिशवी घेऊन बसायचा. विद्यापीठात पीएच.डी. करत होता, बोंडअळीवर. फुलंब्रीकडच्या शेतांमधून नमुने गोळा करायचा. आपल्या शहरात परदेशी विद्यार्थी काही नवे नाहीत, पण बोंडअळीसाठी इतक्या लांबून आलेला मी पहिलाच पाहिला. मी विचारलं, तुमच्याकडं अळी नाही का? तो म्हणाला, "है ना ताई. उधर की अळी मेरे को पहचानती." मेसमध्ये शिकलेली दख्खनी, त्यात शेतकऱ्यांकडून उचललेली मराठी. मला हसूच फुटलं.

हळूहळू कळलं की हा माणूस आधी फुटबॉलपटू होता. साधासुधा नाही, पगारी. नवव्या वर्षी कैरोतल्या एका क्लबच्या बाल संघात घेतलं, आई रोज दोन बस बदलून न्यायची. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या संघाच्या राखीव बाकावर. लीगमध्ये उतरला तो शेवटची दहा मिनिटं, पाच मिनिटं, असा. मग दुसऱ्या क्लबला उसना दिला, तिथून तिसऱ्या गावी. जागा मागायचा एकच, आघाडीच्या मागची. तिला आपल्याकडं नावच नाही. बसमध्ये मांडीवरच्या पिशवीतून त्यानं बोंडं काढून सीटवर मांडली. हे मधले, हे पुढचे, आणि यांच्यामध्ये जी मोकळी जागा उरते ना, तिथं मी उभा राहतो. बॉल माझ्याकडं येतो, मी तो अशा ठिकाणी देतो जिथं अजून कुणी नाही, पण एका क्षणात असेल.

"मग गोल?" मी विचारलं.

"गोल दूसरा मारता."

प्रशिक्षक बदलत गेले. एकानं याला कडेला खेळवलं, एकानं पुढं, एकानं तर चक्क बचावात. अठ्ठाविसाव्या वर्षी त्यानं बूट ठेवले आणि शेतकीच्या पुस्तकांकडं वळला. हे सगळं तो रडकं तोंड करून सांगत नव्हता. पण एक गोष्ट बोलला ती माझ्या डोक्यात बसली. म्हणाला, एवढी वर्षं खेळलो, पण माझ्या जागेवर मनासारखं खेळून थांबलो असं काही झालं नाही. तेवढं एकदा व्हायला पाहिजे.

मीच त्याला आमखासवर आणला. पप्पांच्या जुन्या मित्राचा संघ होता, मी त्यांना काका म्हणते. संघाचे सेक्रेटरी तेच, स्पर्धेच्या कमिटीतही तेच. आमच्या स्पर्धेचा नियम असा की एका संघातून एका वेळी एकच बाहेरदेशी खेळाडू मैदानात. काकांनी याची उंची पाहिली आणि खूश झाले. "पोरी, लई झकास माणूस आणला. ह्याला पुढं उभा करतो. वरून बॉल टाकायचे, हा डोक्यानं मारील."

आता हीच आमच्या लोकांची खोड. परदेशी दिसला की तो पुढं, उंच दिसला की तो पुढं, आणि पुढचा म्हणजे गोल मारणारा. तो हात जोडून सांगतोय, मी दहा नंबर, मी मागं खेळतो. काका म्हणतात, नंबर दहाच देतो की, खेळ मात्र पुढं! पहिले दोन सामने बचाववाले लांबून बॉल उडवत राहिले आणि बॉल त्याच्या डोक्यावरून जात राहिले. लोक म्हणायला लागले, मिस्री, म्हणजे हा इजिप्तवाला, नुसता खांब आहे.

तिसऱ्या सामन्यात तो न विचारताच मागं सरकला. काका ओरडून ओरडून थकले, ह्यानं मागं वळून पाहिलं नाही. आणि काय सांगू! सात नंबरचा आमचा गडी, वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जाणारा, बुटका, पळायला मात्र वारा. आजवर तो नुसताच पळायचा. आता तो जिथं पळेल तिथं बॉल आधीच येऊन थांबलेला असायचा. त्या सामन्यात त्यानं दोन गोल मारले. पुढच्या सामन्यात पुन्हा. गाव सात नंबरला डोक्यावर घेऊन नाचलं. औरंगपुऱ्यात कुणी त्याला चहाला पैसे देऊ देईना.

आणि मिस्रीला? "उभा असतो नुसता." "पळत नाही." "नवाब आहे नवाब." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण वहीत तरी मी काय लिहीत होते? गोल कुणी मारला, कितव्या मिनिटाला. पप्पांनी आखलेले रकाने तेवढेच होते. मग मी एक जादा रेघ ओढली. गोल कुणाच्या पासवर झाला, ते पेन्सिलनं लिहायला लागले. माईकवरूनही सांगायला लागले, आधी पास देणारा, मग मारणारा. कमिटीतले नाक मुरडायचे. "गोल कुणी केला ते सांगा मॅडम, बाकीचं पुराण नको." मी म्हणायचे, पुराण नाही हो, हेच तर झालंय आत्ता समोर.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात त्याचा प्रबंध जमा झाला होता, परतीचं तिकीट निघालं होतं. अंतिम सामना म्हणजे आयुष्यातला शेवटचा सामना, हे तो स्वतःच म्हणाला. त्यानंतर बूट कायमचे बंद. आणि नेमकं त्याच वर्षी काकांनी एक नवीन परदेशी पोरगा शोधून आणला. धिप्पाड, कॉलेजात शिकणारा, जोरात मारणारा. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, तो बोलावलं म्हणून आला. पण एका वेळी एकच. काकांनी ठरवलं, फायनलला मिस्री बाकावर.

आदल्या दिवशी दुपारी मी कमिटीपुढं वही घेऊन गेले. म्हटलं, काका, हे बघा. तुमच्या संघाचे बहुतेक गोल कुणाच्या पायातून निघालेत ते बघा तरी. काकांनी चष्मा लावला, पेन्सिलीचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "आणि ह्याच्या नावावर गोल किती?"

"एकही नाही."

"मग? तीन वर्षं पुढं खेळला—"

"पुढं नव्हता खेळत काका, तेच तर सांगतेय!"

"पोरी, तू वहीत नसते रकाने घालतीस. पप्पांनी कधी घातले नाय. खोडून टाक." आणि त्यांनी खरंच टेबलावरचा खोडरबर माझ्याकडं सरकवला. सगळे बघत होते. मी तो उचलला आणि परत त्यांच्यापुढं ठेवला. म्हटलं, तुम्ही खोडा. तुम्हीच पाहिलेत ना सगळे सामने, तुमच्या हातानं खोडा. त्यांनी हात लावला नाही. पण संघही बदलला नाही.

फायनलला मैदान भरून गेलं होतं. दहा नंबर बाकावर, गुडघ्यावर कोपरं टेकून. मी त्याच्याकडं बघणं टाळत होते. पूर्वार्धात आम्ही एका गोलनं मागं पडलो. बॉल वरून जातायत, धिप्पाड पोरगा उड्या मारून दमलाय, सात नंबर नुसताच पळतोय. माझ्या डोक्यात सणक गेली. निवेदकानं पक्ष घ्यायचा नसतो, हे पप्पांनी मला पढवलेलं. म्हणून मी पक्ष घेतला नाही. जे दिसतंय तेच सांगितलं. "बॉल मध्यात आहे. मध्यात कुणी नाही. दहा नंबर बाकावर आहे."

दोन मिनिटांनी पुन्हा. "मोकळी जागा आहे, जागेवर माणूस नाही. दहा नंबर बाकावर आहे."

चौथ्यांदा म्हटलं तेव्हा पब्लिक हसलं. सहाव्यांदा म्हणायला गेले तेव्हा माझ्या आधी पब्लिकच ओरडलं. ज्यांनी त्याला खांब म्हटलं होतं, नवाब म्हटलं होतं, तेच! "अरे मिस्री को उतारो यारो! नक्को बिठाओ उसको!" काका लालबुंद होऊन टेबलाकडं आले आणि माईकची वायर उपटली. मी उभी राहिले. जयंतीला लाइट जाते तेव्हा माईक कुठं असतो? छाती भरून ओरडले, "दहा नंबर बाकावर आहे!" आमखासच्या त्या टोकापर्यंत गेला आवाज.

उत्तरार्धात काकांनी धिप्पाड पोराला बाहेर घेतलं आणि दहा नंबरला उतरवला. माझ्यामुळं नाही, पब्लिकच्या भीतीनं. उतरता उतरता बजावलं, "पुढं खेळायचं!" तो मान डोलावून आत गेला आणि सरळ आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

ती पंचवीस-तीस मिनिटं मी कशी सांगू? तो फारसा पळालाच नाही. मान वळवून मागं बघायचा, बॉल यायच्या आत त्याला ठाऊक असायचं कुठं द्यायचा. समोरच्यांना कळेना याला धरावं की सात नंबरला. दोन जणांच्या मधून एक बॉल सरकवला आणि सात नंबरनं बरोबरी केली. मी बिनामाईकचीच नाचत होते. लाज नाही वाटली.

आणि मग शेवटची मिनिटं. मधून तो एकटाच निघाला. बचाव मागं पडला, गोलकीपर पुढं आला, यानं त्याला एका बाजूला झुकवलं. समोर अर्धा गोल उघडा. सगळं मैदान एका तोंडानं ओरडलं, मार! मीही ओरडले. एक गोल, तेवढाच, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद. पण उजवीकडून सात नंबर धावत होता आणि त्याच्यापुढं तर पूर्ण गोल रिकामा होता. यानं पास दिला. इतका मऊ, इतका नेमका, की नुसता पाय लावायचा होता.

सात नंबरनं तो बारच्या वरून मारला.

समोरच्या गोलकीपरनं घाईनं बॉल ठेवला, लांब उडवला, आमचे सगळे पुढं गेलेले, आणि दुसऱ्या टोकाला गोल. शिट्टी. संपलं. आम्ही हरलो.

मग जे व्हायचं ते झालं. सात नंबर गवतावर तोंड खुपसून पडला, शिफ्ट करून करून घट्ट झालेला गडी, पोरासारखा रडला. लोक त्याला सोडून मिस्रीवर तुटून पडले. शिव्या, बाटल्या. तो शांतपणे सात नंबरपाशी गेला, त्याला उठवला, खांद्यावर हात टाकून बाहेर आणला. मी धावत गेले आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर ओरडले. "का नाही मारलास? तुझा शेवटचा सामना होता ना रे!"

त्याला माझ्या ओरडण्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं. म्हणाला, "ताई, वो ज़्यादा अच्छी जगह पे था."

बस. एवढंच. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. दमलेला होता, घामानं निथळत होता, आणि हरलेल्या माणसाचं तोंड नव्हतं ते. मला स्वतःचीच लाज वाटली. तीन हिवाळे त्याच्या बाजूनं भांडले आणि अखेरीला मीही पब्लिकसारखी गोलच मागत होते.

काकांनी वायर पुन्हा जोडली होती. मला बोलावून म्हणाले, बक्षीस समारंभाआधी माईकवरून प्रेक्षकांची माफी माग. दहा नंबरनं मॅच घालवली, आणि त्याला आत घालायला मी भाग पाडलं, असं सांग. नायतर पुढच्या वर्षीपासून माईक विसर.

पप्पा पहिल्या रांगेत बसले होते. त्यांना बोलता येत नाही, त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी माईक हातात घेतला. आवाज पुरता बसला होता, घोगरा, चिरका. म्हटलं, "मंडळी, एक सूचना. शेवटचा पास बरोबर होता. जो खेळाडू जास्त चांगल्या जागेवर असतो त्याला बॉल द्यायचा असतो. गोल झाला नाही. तरी पास बरोबर होता. मी इथं बसून चार वर्षं जे पाहिलं त्यात याच्यापेक्षा चांगला पास पाहिला नाही."

काकांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला तो कायमचाच. आता तिथं एक गोड आवाजाचा मुलगा बसतो, गोल कुणी मारला तेवढं सांगतो.

मी टेबलावरून उठत होते तेव्हा तो आला. बूट हातात, पायात चपला. पप्पांच्या पाया पडला, मग माझ्यापुढं छातीवर हात ठेवून उभा राहिला आणि चक्क मराठीत म्हणाला, "ताई, माफी मागायची होती ना. सामना हरवला मी."

"हरवू दे," मी म्हटलं. "कुठं उभा होतास ते मी पाहिलं."