अक्काचं ओलं सूत

ता. ३० मे १९३०, शुक्रवार. दंड रुपये पंचवीस. हजर : एक गोरा सार्जंट, त्याच्याबरोबरचा हवालदार, जिला दंड झाला ती विणकरीण, आणि घरमालकीण म्हणून मी.

सोलापुरात तेव्हा लष्करी अंमल होता. झेंडा लावायचा नाही, पांढरी टोपी घालायची नाही. विणकरीण आमच्या खालच्या दोन खोल्यांत राहायची. तेलुगू बाई, गल्ली तिला अक्का म्हणे. नवरा मिरवणुकीत पकडला गेल्यापासून सूत रंगवणं आणि माग चालवणं दोन्ही तीच करी. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी तिची.

त्या सकाळी तिनं दारातल्या बांबूंवर लड्या वाळत घातल्या. वर पांढऱ्या, मधे हिरव्या, खाली तांबड्या. तेव्हाच्या झेंड्याचे रंग तेच, क्रमही तोच.

सार्जंट काहीतरी ओरडला. हवालदार म्हणाला, "बाई, तांबडं उतरवा. सायेब सोडून देतोय."

"ओलं हाय. खाली ठेवलं की माती लागतंय, डाग पडतंय. वाळल्यावर काढते की."

"आत्ता काढा म्हणतोय त्यो!"

"मग त्यालाच धरून उभं राहा म्हणावं."

हवालदारानं एवढं काही इंग्रजीत सांगितलं नसावं, पण सार्जंटला तिच्या तोंडावरून कळलं. तीन दिवसांत पंचवीस रुपये, नाहीतर सूत जप्त.

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीत धुणं वाळत होतं. प्रत्येक दारात पांढरं, हिरवं, तांबडं. आमचे हे म्हणाले, "आपल्याला काय करायचंय?" मी त्यांचंच धोतर वर टाकलं, खाली माझं हिरवं लुगडं, त्याखाली बाळाची तांबडी दुपटी.

हवालदार हात जोडत हिंडला. "वैनी, मला लेकरंबाळं हायत. एक तरी रंग काढा की."

"कुठला काढू? तुमीच सांगा," शेजारीण म्हणाली. "चरखा तेवढा न्हाय आमच्याकडं, तो तुमी आणा."

बायकांनी दंडासाठी वर्गणी काढली, नऊ रुपये चार आणे जमले. अक्कानं हात लावला नाही. "दंड भरला तर झेंडा होता म्हणून लिवून घेतील. सूत होतं ते."

तिसऱ्या दिवशी शिपायांनी सूत ओढून नेलं आणि चौकात जाळलं. रंग पक्का व्हावा म्हणून अक्कानं लड्या त्याच सकाळी पुन्हा धुतल्या होत्या, अजून दमट होत्या. नुसत्या धुमसत राहिल्या, लवकर पेटेनात.

जूनअखेर अंमल उठला. दंडाचं कुणी विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात व्यापारी आला. डोक्यावर नवी पांढरी टोपी, गळ्यात कुठल्याशा सभेतला हार. सुताचे बत्तीस रुपये आठ आणे मागितले.

मी म्हटलं, "शेटजी, सूत सरकारनं जाळलं. झेंड्यापायी जाळलं. तुमच्या डोक्यावर टोपी कसली आहे?"

"वैनी, अक्कांचा मला अभिमानच आहे. पण देशकार्य वेगळं, उधारी वेगळी."

अक्का भांडली नाही. चार दिवसांनी तिनं माग विकला. घेणाऱ्यानं तो खोलून हातगाडीवर चढवला तेव्हा तिनं फक्त तो दारात अडकू नये म्हणून बाजू धरली. नंतर ती गिरणीत लागली. नवरा सुटून आला तेव्हा घरात मागावर बसून पाय सोडायचा खड्डा तेवढा होता.

मागाचे आले अठरा रुपये. तिच्या चांदीच्या वाळ्यांचे पाच रुपये चार आणे. आमच्या वर्गणीचे नऊ रुपये चार आणे, दंडाला नको म्हणाली होती ते उधारीला घेतले. सरकारला एक पैही गेली नाही. बत्तीस रुपये आठ आणे, सगळेच्या सगळे, व्यापाऱ्याला रोख दिले.