नाना मेले, पान एक

हसायचं तर खुशाल हसा, पण सगळं ऐकून झाल्यावर. ज्या माणसानं निम्मं आयुष्य कबड्डीच्या मैदानावर ‘मेला, मेला’ ओरडून घसा बसवून घेतला, त्यालाच ‘मेला’ या शब्दाचा अर्थ कळला नाही. तो माणूस मी.

आधी मी जळगावात कॉलेजच्या पोरांचा कबड्डी कोच होतो. पेपरात खेळाचं सदर लिहायला लागलो आणि लिहितालिहिता संपादक होऊन बसलो. माझे गुरू, एरंडोलचे नाना, यांना ते अजिबात पटलं नाही. भर सामन्यात मैदान सोडलंस, एवढंच म्हणाले आणि माझ्याशी बोलणंच टाकलं. दर दिवाळीला मी पाया पडायला जायचो. ते पाय पुढे करायचे आणि तोंड फिरवायचे. फार लागायचं हो मनाला.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या जुन्या खेळाडूंनी एरंडोलला मेळावा ठरवला. गंमत म्हणून सामनाही होता. मला आग्रहाचं बोलावणं होतं, पण मी पुरवणीचं काम पुढे केलं. खरं सांगू? नानांचा अबोला चारचौघांत नको होता.

संध्याकाळी बापूचा फोन आला. बापू म्हणजे माझा जुना खेळाडू, तोही मेळाव्याला गेलेला. मागे नुसता गलका, आणि याचा आवाज असा की रडतोयच जणू.

“सर, नाना मेले. मैदानावरच...”

फोन कट. परत लावला तर उचलेना.

आता बघा, आपल्याकडे वडीलधारं माणूस वारलं तर ‘गेले’ म्हणतात. ‘मेले’ कोण म्हणतं? एकेका शब्दावरून वार्ताहरांना झापणाऱ्या संपादकाला एवढंही सुचू नये? पण मला भडभडून आलं होतं. आमच्या उपसंपादक बाई म्हणाल्या, घरी फोन करून एकदा खात्री करू का? मी त्यांनाच सुनावलं, की दुःखातल्या घराला असलं विचारतात का कोणी? आणि डोळे पुसत स्वतः लेख लिहिला. पान एक, फोटो, काळी चौकट. शेवटचं वाक्य होतं, ‘नानांनी मला माफ केलं होतं का, हे विचारायचं राहूनच गेलं.’

सकाळी चहा ओतत होतो, तेवढ्यात फोन वाजला.

“तुले इचारानं व्हतं ना? इचार.”

नाना! तीच त्यांची अहिराणी! अर्धा चहा बशीत, अर्धा लेंग्यावर.

झालं होतं असं, की या वयात नाना हौसेनं चढाईला गेले आणि पहिल्याच चढाईत धरले गेले. म्हणजे मेले. बापू रडत नव्हता, हसून हसून बेजार झाला होता. त्यांच्या संघाला पुढचा गुण मिळाल्यावर नाना जिवंतही झाले, पण ती बातमी माझ्यापर्यंत पोचलीच नाही. आता दारात लोक हार घेऊन येत होते, नाना एकेकाला चहा पाजून परत पाठवत होते, आणि अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आमचा पेपर बंद केला होता.

माफी कोणत्या तोंडानं मागणार? पण इतक्या वर्षांनी ते आपणहून बोलले होते. मला हसू येत होतं आणि रडूही. धीर करून विचारलं, “नाना, केलं का माफ?”

“आधी मैदानवर ये. मंग सांगस.”

गेलो. सगळे जुने गडी पुन्हा जमले होते, आणि सगळ्यांनी पेपर वाचलेला. नाना रेषेबाहेर खुर्ची टाकून बसलेले. मला चढाईला धाडलं. धड चार वेळा ‘कबड्डी’ म्हटलं नाही तोच दम तुटला आणि बापूनंच मला अलगद मातीत बसवलं.

सगळं मैदान ओरडलं, “सर मेले!”

नाना खुर्चीतून उठले. मला हात देऊन उभं केलं, पाठीवरची माती झटकली आणि म्हणाले,

“हाई बातमी पक्की शे. हाई छाप.”