सहाशे टोपल्या, चारशे क्रेट

धक्क्यावरची मोजणीबाई नाकावर माशी बसू द्यायची नाही. बोटी लागल्या की ती शिडीच्या तिसऱ्या पायरीवर वही उघडून उभी राहायची, आणि तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय मासळी पुढे सरकत नसे. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. बावीस वर्षं हेच. बोटवाले तिला 'आडवी रेघ' म्हणत, पण तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती होती?

तिचा नवरा शेजारच्याच बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायचा, आणि त्या कारखान्यावर आता गंडांतर आलं होतं. आपल्या समुद्राची मासळी चार वर्षांत एक तृतीयांशाने घटली, असं मुख्य कार्यालयाचा तक्ता सांगत होता. तेव्हा शहरासाठी बाहेरून गोठवलेली मासळी मागवायची आणि इथला बर्फ बंद करायचा, असं ठरत आलं होतं. सोमवारी सही व्हायची. तो तक्ता हिच्याच रेघांवरून बनलेला. नवरा घरी तिला एका शब्दानेही दोष देत नसे, आणि तेच तिला टोचायचं.

शुक्रवारी सकाळी तिची नणंद बांगड्यांचा क्रेट फरफटत तिच्यापाशी आली. नणंद बाजारात मासळी विकायची आणि तोंडाने भलतीच फटकळ होती. "वहिनी, जरा हात लाव गं," ती म्हणाली. "टोपली होती तेव्हा मी एकटी उचलायचे. हे क्रेट आले आणि माझ्या कंबरेचं वाटोळं झालं."

मोजणीबाईने एका बाजूने क्रेट उचलला आणि तशीच थबकली. नणंदेची बाजू वर गेली, हिची खाली राहिली, आणि निम्मे बांगडे धक्क्यावर पसरले. नणंद शिव्यांची लाखोली वाहत बांगडे वेचायला बसली, पण हिचं लक्षच नव्हतं. आपण काय करून बसलोय ते तिला कळलं होतं.

वहीतल्या छापील फॉर्मवर रकाना एकच होता, टोपल्यांचा. कार्यालयात एका रेघेला वीस किलो धरायचे. प्लास्टिकचे क्रेट आले तेव्हा हिने त्यांच्याही रेघा त्याच रकान्यात ओढल्या. पहिल्या वर्षी थोडे, मग निम्मे, आता सगळेच क्रेट. मोजण्यात तिने कधी एकाचीही चूक केली नव्हती. एका क्रेटात मावतं किती, हे मात्र चार वर्षांत बघायचं सुचलं नव्हतं. खरं म्हणजे हसावं की रडावं अशी गोष्ट, पण तिला दोन्हीला सवड नव्हती. तिने शेजारचा भरलेला क्रेट काट्यावर चढवला. रिकाम्याचं वजन वगळून तीस किलो. दुसरा तीस, तिसरा एकतीस, चौथा एकोणतीस.

पूर्वी रोजच्या सहाशे टोपल्या, वीस किलोंच्या. आता चारशे क्रेट, तीस किलोंचे. दोन्हीकडे बारा हजार! तिने हिशोब तीनदा केला आणि तिन्ही वेळा बारा हजारच आले. मासळी कुठेही गेली नव्हती. जशी यायची तशीच येत होती, रोज हिच्या डोळ्यांदेखत. तिचा आनंद गगनात मावेना. बावीस वर्षांत जिने धक्क्यावर पाऊल घाईने टाकलं नाही, ती बाई बर्फाच्या कारखान्याकडे चक्क धावत सुटली. बोटवाले आ वासून बघत राहिले.

नवऱ्याने सगळं ऐकलं, तोही क्षणभर फुलला, आणि मग म्हणाला, "लोक म्हणतील, नवऱ्यासाठी बाईने आकडे फुगवले."

"मग माझे आकडे घेऊच नयेत. मुख्य कार्यालयाच्या साहेबांना स्वतः तोलू देत."

तिने तिथूनच फोन लावला. शनिवारी साहेब पांढऱ्या बुटांनी धक्क्यावर उतरले. चाळीस क्रेट त्यांनी स्वतः तोलून घेतले, बुटांची रया गेली, पण क्रेटांची सरासरी तीसच्या खाली येईना. दहाव्या क्रेटापासून तर साहेबांनाच चेव चढला होता. वजन ते मोठ्याने ओरडून सांगत होते आणि भोवती जमलेला अख्खा धक्का टाळ्या पिटत होता. सोमवारची सही होणार नाही, हे त्यांनी तिथेच जाहीर केलं. गर्दीत उभ्या नवऱ्याने घाईघाईने तोंडावर पाणी मारलं, आणि ते कशासाठी हे तिला बरोबर कळलं.

कार्यालयात साहेबांनी दुरुस्तीचा कागद काढला. चूक कशी झाली हे त्यात लिहावं लागणार होतं. साहेब माणूस भला. बोटवाल्यांनी माल कमी सांगितला असं लिहू, असं त्यांनी सुचवलं. बोटवाल्यांच्या डोक्यावर खापर फुटलं तर कुणाचं फारसं बिघडणार नव्हतं.

मोजणीबाईने कागद आपल्याकडे ओढला. कारणाच्या जागी तिने स्वतःचं नाव, हुद्दा आणि 'चार वर्षं क्रेट टोपली म्हणून मोजले' असं स्पष्ट लिहिलं, आणि खाली सही केली.

साहेबांनी ते वाचलं. "असं लिहिलंत तर तुम्हाला मोजणीवर ठेवता येणार नाही मला, बाई."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्या जागी कोण येणार ते आजच सांगा. उद्या बोटी लागायच्या आत त्याला तोलायला शिकवते."