घड आणि धड

माझा धाकटा भाऊ मनोहर गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या चौकातल्या फळ्यावर कुणीतरी त्याचं नाव लिहून खाली खडूने 'दुःखद निधन' असं लिहिलं होतं. मी रिक्षा थांबवली, उतरले आणि पदराने ते पुसायला लागले. रिक्षावाला घाबरला बिचारा. म्हणाला, "दीदी, जाने दो..." जाऊ कसं देऊ? निधन म्हातारपणाने होतं, आजाराने होतं. मनोहरला मारलं. लाथांनी मारलं, केळीला टेकू देतात त्या बांबूंनी मारलं आणि सरतेशेवटी त्याचाच लॅपटॉप त्याच्या डोक्यात घातला. आता काही आठवडे झालेत, लोक मला सांगतात, ताई, शांत व्हा. मी शांत होणार नाही. ज्यांना शांत लेख वाचायचा असेल त्यांनी पुरवणीचं पान उलटावं.

आमच्या घरात भांडण करणं माझ्याकडे आणि निस्तरणं मनोहरकडे, अशी लहानपणापासूनची वाटणी होती. मी बुऱ्हाणपुरातच शाळेत मराठी शिकवते, तो लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. एआय आलं तेव्हा सगळे त्याला म्हणाले, मन्नू, आता तुझं दुकान बंद. झालं उलटंच. जो तो घरी बसून मोबाइलवर व्हिडिओ बनवायचा आणि गोंधळ झाला की मनोहरकडे धावत यायचा. कुणाच्या नवरदेवाला तीन हात, कुणाचे स्वर्गवासी आजोबा पापणीच लववत नाहीत, कुणाच्या सुनेच्या बांगड्या चालता चालता मनगटात शिरतात. मनोहर आधी आवाज बंद करायचा, मग हात बघायचा, मग पाय आणि जिथे चूक दिसेल तिथे व्हिडिओची एकेक चौकट थांबवून हाताने दुरुस्त करायचा. एका मिनिटाच्या व्हिडिओला दिवस दिवस लागायचे. मी चिडवायचे, "मशीनने केलेलं निस्तरायला माणूस लागतो होय रे?" तर म्हणायचा, "ताई, मशीन भात शिजवतं, खडे मी वेचतो. तू पोरांच्या वह्या तपासते ना, मी याच्या तपासतो. पोरगं हुशार आहे, पण अक्कल शून्य."

केळीच्या एका व्यापाऱ्याला जाहिरात हवी होती. त्याचा पुतण्या बंटी, चांगला लग्नाचा घोडा, पण सगळं काम मोबाइलला बोलून करायचा. जाहिरातीसाठी त्याने जसोंडी गावच्या नामदेवकाकांचा फोटो घेतला. नामदेवकाका आमच्या वडिलांचे मित्र. पांढऱ्या झुबकेदार मिशा, मुंगीवरही पाय न ठेवणारा माणूस. बंटीने फोटो मशीनला दिला आणि आपल्याकडे बोलतात तसं बोलला, "आदमी बाग में घड काट के कंधे पे रखता है." आता घड हा आपला शब्द. बुऱ्हाणपुरात आपण हिंदी बोलतानासुद्धा केळीच्या घडाला घडच म्हणतो, आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मशीनच्या हिंदीत तो शब्द नव्हता. त्याने ऐकलं 'धड'. बंटीने खाली काय उमटलं ते वाचलंसुद्धा नाही. मी उभा जन्म पोरांना 'घ' आणि 'ध' मधला फरक शिकवण्यात घालवला आणि माझ्या घरावर हे यायचं होतं.

मनोहरने मला दुकानात बोलावून बंटीने दुरुस्तीला पाठवलेली ती क्लिप दाखवली. कोवळं ऊन, हिरवीगार बाग आणि मिशीत हसणारे नामदेवकाका. केळीच्या झाडाला घडाच्या जागी एक माणूस लटकलेला, मुंडकं नसलेला. काका विळा चालवतात, धड सुटून खाली येतं, काका ते खांद्यावर घेतात आणि हसत हसत आपल्याकडे चालत येतात. बनियनवरून रक्त ओघळतंय. आधी मला फस्सकन हसू आलं. मग मी हाताने स्क्रीन झाकली. मनोहर अजिबात हसत नव्हता. त्याने बंटीला तिथूनच फोन लावला, "हे मिटव. आत्ताच्या आत्ता." बंटी म्हणाला, "अरे भैया, कॉमेडी है! मैंने स्टेटस पे डाल दिया, सब मजे ले रहे हैं." मनोहरला रागावलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो इतक्या जोरात ओरडला की समोरचा चहावाला उठून उभा राहिला. बंटीने स्टेटस काढलं. पण तोवर ते पुढे गेलं होतं.

आणि पुढे जाताना त्याला पाय फुटले. कुणी त्यात किंकाळ्या भरल्या, कुणी खाली लिहिलं, 'केले के बाग में मर्डर, इस बूढ़े को पहचानो'. ओळखायला वेळ लागतो का? दुसऱ्या दिवशी काका तापीपलीकडच्या एका गावी आठवडी बाजाराला गेले होते, मिरचीची रोपं घ्यायला. तिथे त्यांना धरलं. मनोहर सकाळपासून कॉम्प्युटरवर बसला होता, त्याला बाजारातून ओळखीच्या माणसाचा फोन आला. त्याने पोलिसांना कळवलं आणि लॅपटॉप घेऊन मोटरसायकलला किक मारली. वाटेतून मला फोन केला. मी वर्गात होते. "ताई, काकांना लोकांनी पकडलंय. मी जातो." मी पोरांसमोर किंचाळले, "मूर्खा, एकटा जाऊ नको! पोलीस येऊ दे!" तो म्हणाला, "अगं, त्यांना नुसतं दाखवायचं आहे. दिसलं की कळेल." माझ्या भावाचं हे शेवटचं बोलणं. दिसलं की कळेल... भोळा रे भोळा, माझा बाबू.

पुढचं काकांनी सांगितलं. काकांना तेव्हा विजेच्या खांबाला बांधलं होतं. मनोहर गर्दीत घुसला, एका भाजीच्या गाडीवर लॅपटॉप उघडला आणि ओरडून सांगू लागला, "देखो, नकली है! धड नहीं, घड बोला था! केले का घड!" त्याने क्लिप हळू चालवली. विळा मानेतून जातो पण मान हलत नाही, रक्त पडतं पण पाचोळा भिजत नाही, हे तो बोट ठेवून दाखवत होता. एडिटिंग करणाऱ्या माणसाने दाखवावं तसं, नीट, एकेक करून. दोन-चार जण वाकून बघायलाही लागले होते. तेवढ्यात एकाने आपला मोबाइल लॅपटॉपशेजारी धरला आणि बोंबलला, "अबे, इसका तो अपने से भी साफ है! शूटिंग इसीने किया!"

त्यांच्याकडे दहा हातांतून फिरून धूसर झालेली क्लिप होती, याच्याकडे मूळची. स्वच्छ होती, म्हणून खरी. खरी होती, म्हणून हा खुनाचा साथीदार. एवढीच अक्कल वापरली गेली तिथे. पहिला बांबू तोंडावर बसला, दात रस्त्यावर पडले. तो खांबाकडे सरकला, काकांना पाठीशी घालून उभा राहिला आणि तुटक्या तोंडाने "घड... घड" म्हणत राहिला. गुडघा फोडला तेव्हा बसला. बसल्यावर लाथा. मग कुणीतरी तो लॅपटॉप उचलला... पोलिसांची गाडी आली तेव्हा काका जिवंत होते. हात झडोत त्या मेल्यांचे! लिहू नये म्हणतात असं. मी लिहिते.

यापुढचं ऐका. त्या मारहाणीचं शूटिंग बघ्यांनी केलं होतं, मोबाइल वर करकरून. पोलिसांनी पकडलेल्यांची तोंडं त्यात साफ दिसतात. तर ते आता म्हणतात, हा व्हिडिओ एआयने बनवलाय! ज्यांना खोटं धड खरं वाटलं, त्यांना स्वतःचे हात खोटे वाटतात. जबाब द्यायला मी काकांना घेऊन ठाण्यात गेले, तेव्हा साहेबांनी ते आमच्या कानावर घातलं. काका हळूच उठले, बनियन वर केली आणि साहेबांकडे पाठ केली. मानेपासून कमरेपर्यंत काळेनिळे वळ, मधे टाके. म्हणाले, "साहेब, हे बी मशीननंच बनवलं का?" साहेब खुर्चीतून उठले, स्वतःच्या हाताने काकांची बनियन खाली केली आणि जबाब लिहून घेतला. निकाल लागेल तेव्हा लागेल.

पण काकांची बदनामी थांबली नाही. क्लिप अजून फिरतेच आहे. परवा ते इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेले, तर पायऱ्यांवर एका बाईने त्यांना पाहून लेकरू पोटाशी ओढलं. काका दर्शन न घेता परतले आणि थेट मनोहरच्या दुकानात माझ्यासमोर येऊन बसले. मी तिथे आवराआवर करत होते. म्हणाले, "पोरी, तुह्या भावाच्या मशीनीत असंन ते. पुसून टाक. मले आता माह्याच हातायची शिसारी येते." ते रडत होते. मनोहरने जीव दिला तो या माणसाचं तोंड स्वच्छ राहावं म्हणून आणि तेच होत नव्हतं.

पुसायचंच म्हणून मी त्याचा कॉम्प्युटर लावला. त्याने शेवटची उघडलेली फाइल समोर आली आणि मी चालवली. तेच कोवळं ऊन, तीच बाग, काका मिशीत हसत चालत येतायत. बनियन पांढरीशुभ्र. खांद्यावर केळीचा घड. हिरवा, भरगच्च, पावलागणिक किंचित हलणारा. मनोहरने एकेका चौकटीतलं धड काढून तिथे घड बसवला होता, रक्ताचा थेंब न् थेंब पुसला होता. जिथे जिथे ती घाण गेली, तिथे तिथे हे पाठवायचं असणार त्याच्या मनात. काका डोळे पुसून पुढे वाकले, "अरे... हा तं आपल्याच बागेतला घड!" आणि कितीतरी दिवसांनी हसले.

तेवढ्यात एका पावलाला घड नाहीसा झाला. खांद्यावर धड आलं, बनियन लाल झाली. काकांनी तोंड फिरवलं. मी घाईने मागे घेतलं, थांबवलं, एकेक चौकट पुढे सरकवली, तो करायचा तशी. काकांचा उजवा पाय उचललेला, खांद्यावर घड. पुढच्या चौकटीत तोच पाय जरा खाली आणि खांद्यावर धड. या दोन चौकटींच्या मधे मनोहरला फोन आला होता आणि तो खुर्चीवरून उठला होता.